आभाळाला ठिगळ

मास्तरकीच्या धंद्यात उपमा फार उपयोगी पडते, आणि कादंबरीच्या धंद्यात तर तिच्यावाचून पान हलत नाही. मी हे दोन्ही धंदे करतो. त्यामुळे उपमा ही जपून वापरण्याची वस्तू आहे, असे मला कधी वाटलेच नव्हते. मीठमिरचीसारखी ती हाताशी असायची. लागली की चिमूटभर घालायची. यंदा जून महिन्यात मात्र एका उपमेने भर वर्गात माझी अशी फजिती केली की, तिच्यापायी मला अडीच महिने पुस्तके चाळत बसावे लागले.

त्याचे असे झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर वारले. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आठवीच्या मुलांना त्यांची गोष्ट सांगायला घेतली. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले नारळीकर केंब्रिजला जाऊन फ्रेड हॉइल यांचे शिष्य कसे झाले, १९७२ साली मायदेशी परत कसे आले, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा कशी पाठवली, हे सारे मी रंगवून सांगितले. लेखकाला दुसऱ्याच्या टोपणनावाचे फार कौतुक असते. मुलांना त्याचे काहीच वाटले नाही. त्यांनी एकच विचारले, ‘‘सर, कृष्णविवर म्हणजे काय?’’

झाले! मी उपमेला हात घातला.

दुसऱ्या दिवशी घरून मायचे एक जुने लुगडे घेऊन गेलो. माय जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिची दोन लुगडी पेटीत आहेत. त्यांतले जाडेभरडे होते ते उचलले. त्यातला तीन-चार हात भाग चार मुलांनी चार बाजूंनी ताणून धरला. ‘‘हे अवकाशकालाचे वस्त्र,’’ मी म्हणालो. मधोमध वरवंटा ठेवला. कापडाला झोळ पडला. ‘‘हा सूर्य.’’ मग काठावरून एक गोटी सोडली. ती वरवंट्याभोवती गरगरत आत आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. इथेच मी थांबायला हवे होते. परंतु टाळ्या पडल्यावर कोणता मास्तर थांबतो? शेजारच्या किराणा दुकानातून पाच किलोचे लोखंडी वजन मी मागून आणले होते. ‘‘आणि हे कृष्णविवर!’’ असे म्हणून ते मी कापडावर ठेवले. टर्रकन आवाज झाला, लुगडे मधोमध फाटले, आणि अख्खे कृष्णविवर माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आले.

मुले हसली. हसणारच. एक मुलगा मात्र हसला नाही. तो सातपुड्यातल्या एका पाड्यावरून येतो, मागच्या बाकावर बसतो आणि कमी बोलतो.

‘‘सर, आभाळपण असंच फाटतं का?’’

‘‘नाही,’’ मी अंगठा चोळत म्हणालो.

‘‘पण ते लुगड्यासारखंच आहे, असं तुम्हीच म्हणाला.’’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, ‘‘फाटलं तर आधी कळतं का?’’

तेवढ्यात घंटा झाली. मास्तराच्या अब्रूची काळजी घंटेइतकी दुसरे कोणी घेत नाही.

आमचे म्हसावद हे शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या रस्त्यावरचे, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. (जळगाव जिल्ह्यातले, रेल्वेस्टेशन असलेले म्हसावद निराळे.) मैदानात कापूस, केळी, पपई, वर डोंगरात पाडे. गेल्या पावसाळ्यात त्या मुलाच्या पाड्याजवळच्या नाल्याला एका रात्रीत लोंढा आला आणि त्यांचे शेत बांधासकट, मातीसकट वाहून गेले. अशा वेळी मोठी माणसे काय म्हणतात ते सांगायला नको. ‘आभाळ फाटलं’ हे शब्द त्या पोराने घरात ऐकले असणार. आणि आता मास्तर वर्गात सांगत होता की, आभाळ खरोखरच कापडासारखे आहे. त्याने विचारले त्यात नवल ते काय!

मीही हे शब्द ऐकले आहेत. वडील गेले तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. ओट्यावर बायका जमल्या होत्या. माय तिच्या अहिराणीत एवढेच म्हणाली, ‘‘आभायच फाटनं, ते ठिगय कथा लावू?’’ त्या वाक्यापाशी माझे शिक्षण संपले. म्हणून म्हणतो, त्या पोराचा प्रश्न मला हसण्यावारी नेता येईना.

शास्त्र हा माझा विषय नव्हे. आइन्स्टाइनची समीकरणे कोणी माझ्यापुढे ठेवली तर ती मला मोडीतल्या जुन्या दस्तासारखी दिसतील; महत्त्वाची आहेत एवढे कळेल, वाचता यायची नाहीत. शहाद्याला माझे एक स्नेही पदार्थविज्ञान शिकवतात. त्यांच्याकडे मी दर रविवारी खेपा घालू लागलो. पहिल्याच रविवारी त्यांनी माझ्या लुगड्याचा निकाल लावला.

‘‘अहो सर, वरवंट्याने कापडाला झोळ पडतो तो पृथ्वी त्याला खाली ओढते म्हणून. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला तुम्ही गुरुत्वाकर्षणच उसने आणलेत! आणि तुमच्या लुगड्यात काळ कुठे आहे?’’

काळ! तो तर मी विसरलोच होतो. हर्मान मिंकोव्स्की या गणितज्ञाने १९०८ साली अवकाश आणि काल यांची गाठ मारून दिली, आणि १९१५ साली आइन्स्टाइनने दाखवले की, वस्तुमानामुळे हे जोडगणित वाकते. पण सूर्य पृथ्वीला धरून ठेवतो तो मुख्यतः काळाच्या वाकण्याने, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. स्नेह्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून दाखवला. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच. म्हसावद पायथ्याशी, दोहोंमध्ये नऊशे-हजार मीटरचा फरक. उंचावर काळ किंचित जलद चालतो. म्हणून वर यशवंत तलावाच्या काठी राहणारा माणूस आमच्या गावातल्या माणसापेक्षा वर्षाला सेकंदाच्या सुमारे तीन दशलक्षांश भागाइतका अधिक म्हातारा होतो. यात घड्याळाचा दोष नाही; काळच तिथे निराळ्या चालीने चालतो. ही कविकल्पना वाटत असेल तर मोबाइलमधला नकाशा पाहावा. त्याला वाट दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळे दिवसाला ३८ दशलक्षांश सेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती, तर शहाद्याला निघालेला माणूस एका दिवसात भलत्याच गावी पोचला असता.

तर अवकाशकाल म्हणजे हे. कोणती वस्तू कोठून किती दूर आणि कोणती घटना कोणत्या घटनेनंतर किती वेळाने, याचा विश्वाने ठेवलेला हिशेब. निदान आइन्स्टाइनच्या शास्त्रात तरी त्याला ना ताणा, ना बाणा. लुगडे फाटले तेव्हा ते वर्गात फाटले. त्या फटीतून मला माझा अंगठा दिसत होता. अवकाशकाल कशात फाटणार? त्याच्या फटीत रिकामी जागा असू शकत नाही, कारण जागा म्हणजे तोच. आणि फाटल्यावर पुढे काय, असेही विचारता येत नाही. ‘पुढे’ हा शब्दसुद्धा त्याच्याच पदराला बांधलेला.

बरे, हे ‘वस्त्र’ आहे तरी किती चिवट! सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली. तीन सूर्यांइतके वस्तुमान क्षणार्धात लाटांच्या रूपाने उधळले गेले. १३० कोटी वर्षे प्रवास करून त्या लाटा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेत पोचल्या. तिथल्या चार किलोमीटर लांब बाहूंची लांबी त्यांनी बदलली ती किती? प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी! एवढा दणका बसला तरी आभाळ फाटले नाही, नुसते शहारले. तसलीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. ज्योतिर्लिंगाच्या शेजारी बसून आपली माणसे आभाळाची नाडी पाहणार, हे वाचून मला फार बरे वाटले.

इथवर आलो तेव्हा, त्या मुलाला दिलेले ‘नाही’ हे उत्तर बरोबरच होते, असे समजून मी मनातल्या मनात मिशीवर ताव देत होतो. स्नेह्यांनी तेही सुख फार दिवस लाभू दिले नाही.

१९५५ साली कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी एक समीकरण मांडले. गुरुत्वाकर्षण पदार्थाच्या आणि प्रकाशाच्या वाटा एकमेकींकडे कसे ओढत नेते, ते त्यावरून कळते. तसल्याच विचाराच्या आधाराने रॉजर पेनरोज यांनी १९६५ साली सिद्ध केले की, तारा एका मर्यादेपलीकडे आत कोसळला की त्यातल्या काही वाटा मध्येच संपतात. वळत नाहीत, कशावर आपटत नाहीत, संपतात. त्याबद्दल त्यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा जागेला शास्त्रज्ञ सिंग्युलॅरिटी म्हणतात. तिथे अवकाशकाल फाटतो असे म्हणण्यापेक्षा, तिथे आइन्स्टाइनचा हिशेब फाटतो असे म्हणणे अधिक खरे. वहीचे पान संपते आणि पुढचे पान सापडत नाही.

आणि मग तो दुसरा प्रश्न, फाटले तर आधी कळते का? मला वाटले होते, हा बिचाऱ्या पोराचा भाबडा प्रश्न. तर शास्त्रज्ञांचा नेमका वाद याच प्रश्नावर चाललेला! हिशेब जिथे संपतो तिथून काय बाहेर पडेल ते कोणत्याही नियमाने सांगता येत नाही. म्हणून १९६९ साली पेनरोज यांनी अशी अटकळ मांडली की, निसर्ग असली जागा कधी उघडी ठेवत नाही. तिच्यावर कृष्णविवराचा पडदा ओढतो, आणि त्या पडद्याआडून आपल्यापर्यंत काही येत नाही. ही अटकळ अजून कोणी सिद्ध केलेली नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी यांनी वर्षानुवर्षे गणित करून दाखवले की, काही परिस्थितींत तारा कोसळताना पडदा वेळेवर पडत नाही आणि ती जागा उघडी राहू शकते. त्यांनी वापरलेल्या गणितांपैकी एक प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली मांडलेले. आणि हे वैद्य काशीला कोणाचे विद्यार्थी? जयंत नारळीकरांच्या वडिलांचे, विष्णु वासुदेव नारळीकरांचे! ज्यांच्या गोष्टीपासून मी सुरुवात केली, त्यांच्याच घरी फिरून आलो.

‘‘मग शेवटी काय? फाटते की नाही?’’ मी कंटाळून विचारले.

‘‘ते सांगणारा तुमच्या शेजारचाच माणूस आहे. शिरपूरचा.’’

मला वाटले, स्नेही थट्टा करताहेत. पण ते खरे होते. अभय अष्टेकर यांचा जन्म ५ जुलै १९४९ रोजी शिरपूरला झाला. १९९८ साली नंदुरबार वेगळे होईपर्यंत आमचा आणि शिरपूरचा जिल्हा एकच होता, धुळे. अष्टेकर पुढे शिकागोला गेले आणि त्यांनी रॉबर्ट गेरॉक यांच्या हाताखाली १९७४ साली डॉक्टरेट घेतली. या गेरॉक यांनी १९६७ सालीच दाखवून दिले होते की, अवकाश तुटून नव्या तऱ्हेने सांधले जावे आणि तरीही हिशेब कोठे फाटू नये, असा हट्ट धरला, तर आधी आणि नंतर हा भेदच बिघडतो. काळाची वाट फिरून आपल्याच शेपटाला येऊन मिळू शकते. म्हणजे फाडणे फुकट होत नाही. त्याची किंमत काळाला मोजावी लागते.

गुरूने फाडण्याची किंमत सांगितली. शिष्य निघाला धागे शोधायला. १९८६ साली अष्टेकरांनी आइन्स्टाइनची समीकरणे नव्या रूपात मांडली. त्यांतून पुढे असा विचार उभा राहिला की, अवकाश दुरून गुळगुळीत दिसले तरी ते मुळात अतिसूक्ष्म वेढ्यांचे बनलेले आहे. किती सूक्ष्म? प्रोटॉनचे एकावर वीस शून्ये इतके भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या आसपास. आणि १९९२ साली कार्लो रोव्हेली व ली स्मोलिन यांच्याबरोबर अष्टेकरांनी जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या नावातच धाग्यांनी विणण्याची भाषा आहे. ते ऐकून मी खुर्चीतून उठलोच. अडीच महिने ज्या उपमेची मला लाज वाटत होती, ती शिरपूरच्या माणसाने चारचौघांत वापरली होती! फरक एवढाच की, त्यांच्या उपमेला गणिताचे अस्तर होते. माझी नुसतीच एकपदरी.

धागे आहेत म्हटल्यावर पुढची गोष्टही बदलते. कापड हवे तितके दाबून शून्यावर आणता येत नाही. धाग्याची म्हणून काही जाडी असतेच. २००६ साली अष्टेकर, टोमाश पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी विश्वाच्या आरंभाचे गणित या रीतीने मांडले. जिथे आइन्स्टाइनचा हिशेब फाटत होता, तिथे या गणितात गुरुत्वाकर्षण उलट ढकलू लागते. आधीचे एक विश्व आकसत येते, उसळी घेते आणि त्यातून आपले विश्व फुलते. कोठे फाटत नाही. ही बाजू ऐकली तशी दुसरीही सांगितली पाहिजे. स्ट्रिंग सिद्धांताचे शास्त्रज्ञ १९९३ पासून म्हणत आले आहेत की, आपल्याला न दिसणाऱ्या चिमुकल्या मितींमध्ये अवकाश फाटून पुन्हा निमूटपणे सांधले जाऊ शकते. दोघांकडेही गणित आहे. प्रयोगाचा पुरावा अजून दोघांकडेही नाही.

गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी मी पुन्हा आठवीच्या वर्गात तेच लुगडे घेऊन गेलो. आदल्या रात्री मी स्वतः त्याला ठिगळ लावले होते. ते लावताना एक गोष्ट आठवली, ती इतकी वर्षे मी विसरलो होतो. ‘ठिगय कथा लावू’ म्हणणारी माझी माय महिन्याभरात लोकांच्या गोधड्या शिवायला बसली होती. शिवायला आलेले जुने कापड ती आधी दाराशी नेई आणि उजेडाकडे धरी. कापड एकदम फाटत नाही, आधी विरते. विरलेल्या जागेतून उजेड अधिक येतो. तिथे बोट ठेवून ती आधीच टाका घाली.

मुलांना मी सांगितले, ‘‘त्या दिवशी फाटली ती माझी उपमा. आभाळाचे म्हणाल तर ते आजवर कोठे फाटलेले कोणी पाहिलेले नाही. कृष्णविवराच्या पोटात काय होते ते अजून कोणालाही ठाऊक नाही. आपल्या शेजारच्या शिरपूरला जन्मलेला एक माणूस म्हणतो, तिथेही फाटत नसावे. तो बरोबर आहे की नाही, ते तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी शोधून काढा.’’ आणि मायची गोष्टही सांगितली. शास्त्रज्ञही तेच करतात, असे मी म्हणालो. १९१९ च्या ग्रहणात त्यांनी सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो ते मोजले, २०१५ साली लाटा मोजल्या, उद्या औंढ्याला मोजतील. आभाळ उजेडाकडे धरून कोठे विरले आहे ते पाहायचे.

मग मी त्या मुलाकडे वळून म्हणालो, ‘‘तुमच्याकडे गेल्या वर्षी झाले ते निराळे. ते ढगांचे काम, पाण्याचे काम. ते मोजता येते. पाऊस किती पडतो आहे, वरून लोंढा येतो आहे का, हे पुष्कळ वेळा आधी कळू शकते.’’

‘‘मग आम्हाला का नाही कळलं?’’

घंटा झाली नाही. मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. कृष्णविवराच्या पोटात काय आहे हे कोणाला ठाऊक नाही, असे सांगताना मला लाज वाटली नव्हती. हे उत्तर मात्र कोणाला तरी ठाऊक असायला हवे होते, मला नव्हते. ‘‘ते मला सांगता येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘पण तुझा प्रश्न चुकीचा नाही.’’

तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला. लुगड्याचे ठिगळ त्याने खिडकीशी नेले, उजेडाकडे धरले आणि डोळे बारीक करून पाहिले.

‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘टाके लांब पडलेत. पुन्हा फाटेल.’’

त्या रात्री मी ते ठिगळ उसवले आणि जवळ जवळ टाके घालून पुन्हा शिवले.